अंतरीचे लेणे : जावळीच्या मुलखातील वारकरी साधनेचा मागोवा

॥ रामकृष्ण हरी ॥

आपल्या दिंडीला शंभर वर्षे झाली. शंभर वर्षांचा हिशोब मांडायचा म्हटला की आपण काय मोजतो? किती वाऱ्या झाल्या, किती वीणेकरी झाले, बैलगाडी जाऊन ट्रक केव्हा आला, राहुट्या केव्हा आल्या, भिशी किती होती आणि आता किती झाली. हा हिशोब जाणकार मंडळी या स्मरणिकेत मांडतीलच. पण आणखी एक हिशोब आहे, तो कुठल्याच वहीत सापडत नाही. शंभर वर्षे आपल्या वेण्णाकाठची माणसे घरदार आणि शेतीवाडी सोडून पंढरीला चालत गेली, त्या चालण्याने त्यांच्यात काय फरक पडला? माणूस आतून किती सुधारला? त्याचाच थोडा मागोवा या लेखात घ्यायचा आहे.

आपल्याकडच्या जुन्या बायका वारीहून परत आलेल्या माणसाकडे बघून म्हणत, "काय तेज आलंय बघा तोंडावर!" आता बघा हं, अडीच-तीन आठवडे उन्हापावसात चाललेला माणूस रापतो, वाळतो. ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, धोतराचा रंग ओळखू येत नाही. अशा माणसाच्या तोंडावर तेज कसले? पण त्या बायका खोटे बोलत नव्हत्या. त्यांना जे दिसत होते ते कातडीचे नव्हते. जो माणूस जाताना घरात आदळआपट करून गेला, तो परत येऊन उंबऱ्यावर बसला आणि धाकट्या सुनेलाही "माऊली, पाणी दे गं" म्हणाला. ते तेज त्या 'माऊली' शब्दाचे होते.

रूपाचे अभंग आधी का?

हरिपाठ असो, भजन असो की कीर्तन असो, आपण 'जय जय रामकृष्ण हरी' म्हणतो आणि मग रूपाचा अभंग घेतो. देवाचे उपदेश नंतर, देवाच्या कथा नंतर, आधी देवाचे रूप. संतांनी हा क्रम उगाच लावलेला नाही. मन ज्याच्याकडे बघते तसे ते होते. दिवसभर दुसऱ्याच्या उण्यादुण्याकडे बघणारे मन तसेच वाकडे होते, आणि रोज संध्याकाळी घटकाभर विटेवरच्या मूर्तीकडे बघणारे मन हळूहळू तिच्यासारखे होऊ लागते.

आणि ते रूप कसे आहे? देव सावळा आहे. हातात शस्त्र नाही, दोन्ही हात कटेवर. पाय सम, म्हणजे एक पुढे एक मागे असे नाहीत. गळ्यात तुळशीची माळ. उभा कशावर, तर साध्या विटेवर. पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता, देव दारी आला तर म्हणाला जरा थांब, आणि उभे राहायला वीट सरकवली. देव अजून थांबलेला आहे. या रूपात शिकवण आहे ती अशी : समचरण म्हणजे कोणाकडे झुकते माप नाही, कटेवर हात म्हणजे घाई नाही आणि मारामारी नाही, आणि विटेवर उभे राहणे म्हणजे भक्ताने दिले त्यात समाधान. ज्याला आपण सुंदर म्हणतो त्या देवाचे सौंदर्य इतके साधे आहे.

माऊलींचा योग आणि माऊलींची चाल

काही लोक म्हणतात, वारकऱ्याचा आणि योगाचा काय संबंध? योग म्हणजे जंगलातल्या जोग्याचा, आपला टाळमृदंगाचा. हे खरे नाही. आपल्या संप्रदायाचे मूळच नाथांच्या घरातले आहे. त्र्यंबकेश्वरी गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना उपदेश केला, निवृत्तिनाथांनी तो ज्ञानोबारायांना दिला. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि तिच्या सहाव्या अध्यायात माऊलींनी ध्यानयोगाचे आणि कुंडलिनीचे जे वर्णन केले आहे, ते मराठीत दुसरीकडे सापडणे अवघड आहे.

त्या अध्यायात योग्याच्या देहाचे काय होते हेही सांगितले आहे. जुनी कातडी टाकून नवी यावी तसा देह नवा होतो. अंगाला संध्याकाळच्या आभाळासारखा रंग येतो, दात हिऱ्यांच्या ओळीसारखे दिसतात, तळहात-तळपाय तांबड्या कमळासारखे होतात. पतंजलींनीही आपल्या योगसूत्रांत रूप आणि लावण्य यांची गणना देहाच्या संपत्तीत केली आहे. म्हणजे योगाने सौंदर्य येते हे शास्त्राला मान्य आहे. पण माऊली आणि पतंजली दोघेही तिथे थांबत नाहीत. देहाची कांती ही वाटेत लागणारी गोष्ट आहे, मुक्कामाची नव्हे. जो तिथेच आरसा घेऊन बसला त्याची वारी तिथेच संपली. पतंजलींच्या योगाची पहिली पायरी आसन नाहीच. आधी यम, म्हणजे अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. मग नियम, म्हणजे शौच, संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान. आसन आणि प्राणायाम त्यानंतर.

खरे लावण्य बघायचे असेल तर तेराव्या अध्यायात जावे. तिथे ज्ञानाची लक्षणे सांगताना माऊली अहिंसेपाशी आले आणि किती वेळ तिथेच रमले! अहिंसा ज्याच्या अंगी मुरली तो चालतो कसा, बघतो कसा, बोलतो कसा, हात कसा हलवतो, हे त्यांनी एकेक करून दाखवले. बगळा पाण्यात पाय टाकताना तरंग मोडू देत नाही, भुंगा कमळावर उतरताना केसर चुरगळेल या भीतीने हळूच पाय ठेवतो, तशी त्याची चाल. तो बोलायच्या आधी त्याची माया समोरच्यापर्यंत पोचते. माणसाच्या चालण्याबोलण्यातली शोभा म्हणजे काय, हे यापेक्षा चांगले कोणी सांगितले असेल असे वाटत नाही. आणि ही शोभा विकत घेता येत नाही. कोणाला दुखवायचे नाही हे मनात पक्के झाले की ती पायांत उतरते.

बाराव्या अध्यायात माऊलींनी असेही सांगितले की, निर्गुणाच्या मागे जाणाऱ्या योग्याची वाट फार कष्टाची आहे. भक्तीने तीच जागा संसारी माणसालाही मिळते. म्हणून वारी ही गरिबाचा योग झाली. विचार करून बघा, दिंडीत योगाचे काय नाही? पहाटे काकड्याला उठणे हा तपाचा भाग. नदीवर स्नान म्हणजे शौच. जे ताटात पडेल ते गोड मानणे म्हणजे संतोष. हरिपाठ म्हणजे स्वाध्याय. अभंगाचा चरण लांबवला की श्वास सावकाश सुटतो, टाळाच्या ठेक्यावर पाऊल पडते आणि पावलाबरोबर श्वास चालतो. पावली खेळताना शंभर माणसे एकदम वाकतात आणि एकदम उठतात. त्या वेळी कोणाच्या मनात घरचा बांध नसतो की कोर्टाची तारीख नसते. यालाच चित्ताची एकाग्रता म्हणायचे. आपल्या आज्यापणज्यांना हे शब्द ठाऊक नव्हते, पण अनुभव ठाऊक होता.

तरीही योग साधला म्हणजे सगळे साधले असे नाही. ज्ञानोबारायांना एकदा लोकांच्या बोलण्याचा राग आला आणि ते ताटी लावून आत बसले. तेव्हा धाकट्या मुक्ताईने दाराबाहेर उभे राहून त्यांची समजूत घातली. ते ताटीचे अभंग आपण म्हणतोच. एवढ्या मोठ्या योग्यालाही धाकट्या बहिणीचे ऐकावे लागले, आणि त्यांनी ऐकले, ही त्यांची खरी थोरवी. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणे मारून कच्चे-पक्के मडके पाहिल्याची कथाही आपल्याला माहीत आहे. नामदेवराय त्या दिवशी कच्चे ठरले. त्यांनी ते मनाला लावून घेतले, विसोबा खेचरांना गुरू केले आणि पक्के झाले. आत काय आहे ते थापटणे बसल्यावरच कळते. सुखात सगळेच शांत दिसतात.

आरफळचे हैबतबाबा : शिस्तीतली शोभा

आपल्या सातारकरांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे माऊलींच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप देणारे हैबतबाबा हे आपल्याच जिल्ह्यातले, आरफळचे. तुकोबारायांचे चिरंजीव नारायणबाबा यांनी १६८५ साली ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकत्र नेण्याची प्रथा सुरू केली होती. पुढे १८३२ च्या सुमारास हैबतबाबांनी माऊलींचा स्वतंत्र सोहळा उभा केला. हैबतबाबा ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडे सरदार होते. परंपरा अशी सांगते की, गावी परत येताना सातपुड्यात त्यांना लुटारूंनी पकडून गुहेत कोंडले. तिथे त्यांनी हरिपाठ धरला आणि सुटका झाल्यावर घरी न जाता आळंदी गाठली. बाकीचे आयुष्य त्यांनी माऊलींच्या चरणी घालवले. १८३६ साली त्यांनी देह ठेवला. आळंदीच्या महाद्वारात त्यांची पायरी आहे. आजही तिला हात लावल्याशिवाय आपण आत जात नाही.

तलवार धरणाऱ्या हाताने वीणा धरली, पण फौजेची शिस्त त्यांनी टाकली नाही, ती देवाच्या कामाला लावली. दिंड्यांचे क्रम, चोपदार, कर्णा, तळ, निघण्याच्या वेळा हे सगळे नेटके बांधले. अंकलीच्या शितोळे सरकारांनी अश्व दिले. आज लाखोंचा समाज चालतो तरी रथापुढच्या २७ दिंड्या आपापल्या जागी चालतात. कोण म्हणेल की हे खेड्यापाड्यांतल्या माणसांचे काम आहे?

या शिस्तीतली एक गोष्ट नव्या पिढीला मुद्दाम सांगावीशी वाटते. संध्याकाळी तळावर समाजआरती होते. सगळ्या दिंड्या गोल करून उभ्या राहतात, टाळमृदंगाचा नुसता कल्लोळ चाललेला असतो. चोपदार दंड वर करतात आणि पुकारा करतात. एका क्षणात सगळे शांत! एवढ्या माणसांत टाचणी पडली तर ऐकू यावी. मग ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याकडे जातात, तक्रार ऐकतात, निवाडा होतो. हरवले-सापडले ते पुकारले जाते. मग आरती.

बघा, तक्रार करायची पण रीत आहे. शिवी नाही, धक्काबुक्की नाही, टाळ वाजवून सांगायचे की आमचे काही म्हणणे आहे. आणि म्हणणे ऐकल्याशिवाय आरती पुढे जात नाही. असा नेम घराघरात, भावकीत आणि ग्रामसभेत आला तर किती भांडणे वाचतील! ज्याला आपण संस्कार म्हणतो तो हाच. राग असणे वाईट नाही, रागाला रीत पाहिजे.

शंभर वर्षांपूर्वीचा काळ

आपली दिंडी उभी राहिली तो काळ डोळ्यांपुढे आणा. नुकतीच १९१८ ची तापाची साथ माणसे घेऊन गेली होती. प्लेगच्या आठवणी ताज्या होत्या. मेढ्याच्या बाजूला रस्ते नव्हते, शाळा थोड्या होत्या. पण त्याच सुमारास महाराष्ट्रात अंतर्बाह्य माणूस घडवण्याची मोठी कामे सुरू झालेली दिसतात. १९१७ साली विष्णुबुवा जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली आणि खेड्यातल्या गरीब मुलाला ज्ञानेश्वरी-गाथा शिकण्याची सोय झाली. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली साताऱ्यात त्यांचे वसतिगृह सुरू झाले, तिथे सगळ्या जातींची पोरे एका पंगतीला जेवू लागली. त्याच १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करून योगाला अभ्यासाची बैठक दिली. आणि आपल्याच जिल्ह्यातल्या औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला. राजा स्वतः पहाटे नमस्कार घाली आणि संस्थानच्या शाळांतून मुलांकडून घालून घेई. त्यावर त्यांनी पुस्तक लिहिले, ते परदेशापर्यंत गेले.

राजाने नमस्कारांनी देह घडवायचा म्हटले, कर्मवीरांनी शाळेने बुद्धी घडवायची म्हटले, जोग महाराजांनी नामाने मन घडवायचे म्हटले. तिन्ही गोष्टी एकाच मुलखात, एकाच पिढीत. आपली दिंडी या हवेत वाढली. गाडगेबाबांची कीर्तनेही याच काळातली. आधी हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात गावाचे मन झाडायचे, असा त्यांचा बेत. अंगावर चिंध्या आणि डोक्यावर गाडगे. त्या चिंध्यांतल्या माणसाच्या पायावर डोके ठेवायला शिकलेसवरलेले येत. सुंदर कोणाला म्हणायचे याचे उत्तर त्या काळाने असे दिले.

भात, बंदर आणि भजन

आपला जावळीचा मुलूख म्हणजे डोंगराचा आणि पावसाचा. शिवरायांनी १६५६ साली जावळी घेतली तेव्हापासून या खोऱ्याचे नाव इतिहासात गाजले, पण पोटाची वाट इथे कायम चढाचीच राहिली. भात, नाचणी, वरी. आणि आषाढी येते ती ऐन भातलावणीच्या तोंडावर. घाटावरच्या शेतकऱ्याची पेरणी उरकलेली असते, आपली रोपे तेव्हा कुठे लावायला येतात. म्हणून आपल्याकडच्या वारकऱ्याला जाण्याचा निर्णय सोपा कधीच नव्हता.

मग जुनी माणसे काय करीत? पैरा करीत. जो वारीला गेला त्याच्या खाचरात शेजाऱ्यांनी चिखल करायचा, रोपे लावायची. तो आला की त्याने त्यांच्या कामाला जायचे. पंढरीला गेलेल्याचे नाव झाले, पण चिखलात वाकून दुसऱ्याचे भात लावणाऱ्या माऊलीची वारी तिथेच झाली. विठ्ठलाने तिच्या पायाचा चिखल बुक्का म्हणूनच लावून घेतला असेल. या शताब्दीत वारीला गेलेल्यांचे सत्कार होतील. मागे राहून ज्यांनी वारी घडवली त्या माणसांची, विशेषतः बायकांची, नावे कुठेच लिहिलेली नाहीत. त्यांना आधी नमस्कार.

दुसरी वाट मुंबईची. जावळी, पाटण, महाबळेश्वर भागातली किती माणसे गिरणीत गेली, किती मशीद बंदरच्या धान्यबाजारात पाठीवर पोती वाहायला गेली! पुढे अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली माथाडी कामगार एकत्र आले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला, तेव्हा कुठे त्या पाठीला थोडा आधार मिळाला. एकेका गावाची एकेक खोली, त्यात वीस-पंचवीस माणसे पाळीपाळीने झोपायची. अशा खोलीत भिंतीला टांगलेला मृदंग आणि खुंटीला टाळ असायचे. दिवसभर ओझ्याने वाकलेला माणूस रात्री भजनाला ताठ उभा राहायचा. त्या उभे राहण्यात त्याची लाज, त्याचे एकटेपण, गावाची आठवण हे सगळे बाजूला पडायचे. आषाढी आली की मालकाकडे रजा मागायची, नाही मिळाली तर खाडा करायचा, पण दिंडी गाठायची.

मग कोयना धरण झाले. शिवसागराच्या पाण्याखाली जावळीतलीही गावे गेली, माणसे दूरच्या जिल्ह्यांत विखुरली. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने होते तेही हलवले. ज्यांचा गाव पाण्यात गेला त्यांना वर्षातून एकदा गाववाले भेटायची जागा कुठली? जत्रा नाही, कारण देऊळच बुडाले. वारीच्या वाटेवर मात्र जुन्या गावचा माणूस भेटतो, पाया पडतो, गळ्यात पडतो.

माळेचा नेम आणि आडवी बाटली

आता थोडे अवघड बोलायचे आहे. मुंबईने पैसा दिला, त्याबरोबर बाटलीही दिली. पाठ दुखते म्हणून घेतलेला घोट कधी सवय झाला ते कळले नाही. किती घरे या एका गोष्टीने मोडली हे प्रत्येक गावाला माहीत आहे, नावे घ्यायची गरज नाही.

अशा वेळी तुळशीची माळ हे नुसते गळ्यातले भूषण राहिले नाही. माळ घालणे म्हणजे चार माणसांसमोर शब्द देणे : दारू नाही, मांस नाही, परस्त्री मातेसमान, एकादशी आणि वारी चुकवायची नाही. अवघड असते ते पहिले वर्ष. संध्याकाळ झाली की पाय गुत्त्याकडे वळतात. अशा माणसाला जुने वीणेकरी नेमके त्याच वेळी हरिपाठाला बोलवीत. कोणाच्या हातात टाळ देत, कोणाला पाणी भरायला लावीत. हात रिकामा ठेवायचा नाही, एवढे एकच औषध. व्यसन सोडवण्याच्या मोठ्या शास्त्रातही संगत आणि वेळ बदलणे हेच आधी सांगतात. आपल्या अडाणी म्हणवणाऱ्या माणसांनी ते देवळाच्या पायरीवर शोधले होते. घरातल्या माऊलीला विचारा, ती सांगेल, "माळ घातली आन् घरात दिवा लागला."

प्रतिसरकारच्या काळातही सातारा जिल्ह्यात दारूबंदीचे काम झाले होते. त्याच वाटेने पुढे आपल्या जावळी तालुक्याने महाराष्ट्राला धडा घालून दिला. कायद्याने महिलांना मतदानाचा हक्क दिला होता : गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी 'आडव्या बाटली'वर शिक्का मारला तर दुकान बंद. शेतातले काम टाकून, घरातल्यांचे बोलणे सोसून आपल्या मायमाऊल्या रांगेत उभ्या राहिल्या आणि त्यांनी बाटली आडवी केली. या चळवळीत कीर्तनकार होते, वारकरी तरुण होते. पण मत दिले ते बायकांनी. जी सभेत कधी बोलली नाही, डोईवरचा पदर कधी ढळू दिला नाही, तिने त्या दिवशी ताठ मानेने शिक्का मारला. त्या वेळचे तिच्या चेहऱ्यावरचे तेज ज्यांनी पाहिले त्यांना अंतरीचे लेणे म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको.

दुकाने बंद झाली म्हणजे व्यसन संपले असे समजून चालणार नाही. चोरून येणारी येतेच, गुटखा आला, आणखी काय काय आले. कायद्याने दुकान बंद होते. मनातले दुकान बंद करायला रोजचा हरिपाठ लागतो.

कान्होपात्रा, चोखोबा आणि आपला आरसा

वारीच्या वाटेवर एक पोर हातात गंधाची वाटी आणि लहानसा आरसा घेऊन बसलेले असते. गोपीचंदनाची मुद्रा उमटवते, मध्ये बुक्का लावते आणि आरसा पुढे करते. आपण क्षणभर बघतो, रुपया-दोन रुपये देतो आणि चालू लागतो. वारीत आरशाची गरज एवढीच. घरी आल्यावर मात्र आपला आरसा मोठा होतो.

मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेची कथा आठवा. श्यामा नावाच्या गणिकेची ती मुलगी. रूप असे की चर्चा बिदरच्या बादशहापर्यंत गेली. जे रूप लोकांना वरदान वाटले तेच तिच्या जिवावर उठले. तिने वारकऱ्यांच्या मेळ्याबरोबर पंढरी गाठली आणि बादशहाची माणसे न्यायला आली तेव्हा विठ्ठलाच्या पायाशी देह ठेवला. मंदिराच्या आवारातले तरटीचे झाड तिची आठवण सांगते. तिच्या आईचा धंदा, तिचा जन्म यातले काही देवाने विचारले नाही. आणि चोखोबांना तर देवळाच्या बाहेर ठेवले. बाहेरच्या आकारावरून आतला रस ठरवू नका, असे त्यांनी उसाचा दाखला देऊन सांगितले. आपण तो अभंग टाळ वाजवून म्हटला आणि देवळाचे दार शतकानुशतके तसेच बंद ठेवले. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात १ ते १० तारखेपर्यंत प्राण पणाला लावून उपवास केला, तेव्हा ते दार उघडले. आपल्या दिंडीच्या शंभर वर्षांतली ही फार मोठी घटना. त्या दिवशी सावळ्या विठ्ठलाचे रूप खुलले असेल.

आता आपणच आपल्याला थापटणे मारून बघू. सावळ्या देवासाठी आपण शेकडो मैल चालतो, आणि मुलगी बघायला गेल्यावर "पोरगी जरा सावळी आहे" म्हणून परत येतो. हे कसे? घरातल्या पोरी गोरेपणाची मलमे चोळतात, कारण आपण त्यांना तसे बघतो. दिंडीत सगळे माऊली, आणि गावात आल्यावर पाणवठ्याची, पंगतीची, स्मशानाची वाट वेगळी, असे कुठे होत असेल तर आपली वारी गावाच्या वेशीवरच राहिली म्हणायची. हल्ली वारीत चालण्यापेक्षा मोबाईलवर फोटो काढणेही वाढले आहे. तरुणांनी फोटो काढावेत, हरकत नाही. पण आरतीला चोपदारांनी दंड वर केला असताना आपला हात फोटोसाठी वर नसावा, एवढे पथ्य पाळावे.

आपल्याकडे कासचे पठार आहे. तिथे काळ्या कातळावर मातीचा नुसता हात फिरवल्यासारखा थर. वर्षभर बघायला जाल तर काही नाही. पाऊस मुरला की भाद्रपदात तोच कातळ फुलांनी झाकून जातो. देशोदेशीचे लोक बघायला येतात. माती थोडी असली तरी चालते, पाऊस मुरला पाहिजे. आपल्या अंगी विद्या थोडी, पैसा थोडा. पण नाम मुरले की माणूस फुलतो, हे या मुलखाने शंभर वर्षे पाहिले आहे.

पुढच्या शंभर वर्षांसाठी

२०२० आणि २०२१ ला साथीमुळे पायी वारी झाली नाही. माऊलींच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या. दोन वर्षे आपण घरातच टाळ धरला. तेव्हा एक गोष्ट कळली. वाट बंद झाली तरी नेम बंद होत नाही. ज्यांचा रोजचा हरिपाठ होता त्यांची वारी घरात चालू राहिली. ज्यांची वारी फक्त आषाढातली होती त्यांना ते दोन आषाढ फार जड गेले.

म्हणून या शताब्दीत मोठमोठ्या संकल्पांपेक्षा लहान नेम धरावेत असे सुचवावेसे वाटते. पहाटे उठून जमतील तेवढे सूर्यनमस्कार पोरांनी घालावेत. औंधच्या राजाने घातले, आपल्याला लाज कसली? म्हाताऱ्यांनी पाठ ताठ करून घटकाभर बसून सावकाश श्वासाबरोबर नाम घ्यावे. संध्याकाळी घरात एकदा तरी सगळ्यांनी मिळून हरिपाठ म्हणावा, आणि तो संपल्यावर एकमेकांच्या पाया पडताना सासूने सुनेच्या आणि बापाने पोराच्याही पाया पडावे, दिंडीत पडतो तसेच. भांडण झाले तर समाजआरतीची रीत आठवावी : आधी ऐकून घ्यावे, मग आरती. वर्षातून एकदा, वारीला निघण्याआधी, मागे राहणाऱ्या माणसांच्या शेताची आणि औषधपाण्याची सोय दिंडीने बघावी. आणि ज्याने नुकतीच माळ घातली आहे त्याची संध्याकाळ कोणीतरी रोज सांभाळावी.

यातले काहीच अवघड नाही आणि यातले एकही काम आरशात दिसणार नाही. वारीहून परत आल्यावर उंबऱ्यावर बसलेल्या माणसाकडे बघून घरच्या म्हातारीने "तेज आलंय" म्हणावे, एवढी कमाई पुरे आहे. मागच्या शंभर वर्षांच्या माणसांनी ती कमावली. आता आपली पाळी.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम, पंढरीनाथ महाराज की जय!